आईला स्तनाचा, मावशीला ‘पोटाचा’ कॅन्सर होता: मला किती धोका?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचं वय ३४, नोकरी पुण्यात, माहेर सांगलीकडचं. आईला ४७व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो सगळं झालं आणि आज ५८व्या वर्षी त्या ठणठणीत आहेत. थोरली मावशी पन्नाशीच्या आतच ‘पोटाच्या कॅन्सरने’ गेली. वडिलांचे वडील घशाच्या कॅन्सरने गेले. तुमचे डॉक्टर म्हणाले, गाठ लागली तर या. नवऱ्याचं म्हणणं, फुल बॉडी पॅकेज आणि जीन टेस्ट दोन्ही करून मोकळे होऊ. आई म्हणते, धाकटीचं लग्न ठरेपर्यंत हा विषय कुठे काढायचा नाही. आणि तुम्ही विचारताय, मला कॅन्सर होण्याची शक्यता किती टक्के?

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही. सांगली जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. पण घराण्याचा इतिहास विचारायची खरी जागा आमचंच टेबल आहे. मोठ्या डॉक्टरकडे पेशंट जातो तो आजार झाल्यावर. आमच्याकडे तो सर्दीला, शुगरला, पोराच्या लसीला येतो, म्हणजे आजार व्हायच्या आधी येतो. म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

टक्का मी सांगणार नाही, आणि आज कोणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या प्रश्नातला एक शब्द अजून उलगडलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘पोटाचा’.

आपल्याकडे पोटाचा कॅन्सर म्हणजे काय काय असतं ते बघा. जठर, आतडं, यकृत, स्वादुपिंड, बीजांडकोश, सगळं ‘पोट’. तसाच दुसरा शब्द ‘पिशवीचा’. त्यात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर येतो, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा येतो, कधी बीजांडकोशाचाही येतो. घरच्यांच्या लेखी हे सगळं एकच. अंगणवाडीतल्या बाईंपासून शिकलेल्या इंजिनिअरपर्यंत सगळे असंच बोलतात. पण लेकी-भाच्यांच्या दृष्टीने या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो आईला झाला म्हणून मुलीला वारशाने येत नाही. तिथे तपासणी आणि लस या गोष्टी महत्त्वाच्या. अस्तराचा कॅन्सर कमी वयात झाला आणि त्याच घरात आतड्याचाही असला, तर लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते. आणि बीजांडकोशाचा असेल, तर तो कुठल्याही वयात झालेला असो, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा विचार करावाच लागतो. हीच दोन जनुकं आनुवंशिक स्तनाच्या कॅन्सरमागे सर्वांत जास्त वेळा सापडतात.

आता तुमची मावशी. तिला बीजांडकोशाचा कॅन्सर होता असं कळलं, तर आईचा स्तनाचा आणि सख्ख्या मावशीचा बीजांडकोशाचा ही जोडी फार बोलकी आहे. खरोखर जठराचा होता असं कळलं, तरी विषय लगेच संपत नाही. सीडीएच-१ नावाच्या जनुकाच्या एका दुर्मिळ दोषात जठराचा आणि स्तनाचा असे दोन्ही कॅन्सर एकाच घरात दिसतात. आतड्याचा निघाला तर वाट तिसरीच. आणि यकृताचा, तोही जुन्या काविळीतून किंवा दारूतून झालेला निघाला, तर आईच्या आजाराशी त्याचा बहुधा संबंध नाही. एवढं सगळं त्या एका शब्दावर अडलंय.

कसं शोधायचं? मावशीला जवळून पाहिलेल्या माणसाला विचारा. ‘कॅन्सर कुठला होता?’ असं विचारलंत तर उत्तर पुन्हा ‘पोटाचा’ असंच येणार. त्याऐवजी विचारा: सुरुवात कशाने झाली? पोट फुगलं होतं का, पाणी काढायला न्यायचे का? उलटीत रक्त होतं की शौचाला काळं व्हायचं? ऑपरेशन झालं का, त्यात पिशवी काढली का? सोनोग्राफी कुठे झाली? पोटात पाणी होणं बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा दिसतं, पण यकृताच्या आणि जठराच्या आजारातही होतं, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. खरा पुरावा बायोप्सीचा कागद. आपल्या घरांतून मेलेल्या माणसाची फाइल सहसा टाकून देत नाहीत. ती कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या उताऱ्यांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असते. मी स्वतः अशा कितीतरी पिशव्या टेबलावर उघडल्या आहेत. एक्स-रेच्या फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या, पावत्यांची शाई उडालेली, पण टाइप केलेला बायोप्सीचा कागद मात्र वाचता येतो. त्यात अवयवाचं नाव आणि वय, दोन्ही असतं.

वय का महत्त्वाचं ते सांगतो. म्हातारपणी कॅन्सर होणं ही शरीराच्या झिजेची गोष्ट आहे. तो कुणालाही होऊ शकतो. कमी वयात झाला, दोन्ही स्तनांत झाला, पुरुषाला स्तनाचा झाला, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना एकमेकांशी नातं असलेले कॅन्सर झाले, तर कान टवकारायचे. यातही आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधी दिसतो. त्यामुळे तिकडे ४७ वय जितकं दचकवणारं, तितकं ते इथे नाही. तरीही पन्नाशीच्या आतला आजार म्हणून आजच्या निकषांत तुमच्या आई एकट्याच्या बळावरसुद्धा जनुक-चाचणीच्या विचाराला पात्र ठरतात. मावशीचं कोडं सुटलं तर बाजू आणखी पक्की होईल.

वयाची आठवण लोकांना आकड्यांत नसते. ‘चाळीस-पन्नास असेल’ यावर मी थांबत नाही. आमच्या भागात विचारायचं: किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा होत्या का? २००५च्या पुरात? त्यांच्या थोरल्याचं लग्न झालं होतं का, की बारावीला होता? कोयनेच्या भूकंपावरून, बहात्तरच्या दुष्काळावरून मी आज्यांची वयं काढली आहेत आणि ती दोन-तीन वर्षांच्या फरकाने बरोबर येतात.

आजोबांचा घशाचा कॅन्सर सध्या बाजूला ठेवा. ते तंबाखू खायचे आणि विडी ओढायचे असं तुम्हीच लिहिलंय. त्या आजाराला तेवढं कारण पुरेसं आहे, आणि ते वडिलांच्या बाजूचे आहेत. आई-मावशीच्या आजाराशी त्यांची बेरीज करायची नाही. मात्र वडील किंवा भाऊ तंबाखू खात असतील, घरात कुणी मिश्री लावत असेल, तर तिथे जनुकापेक्षा डबी आधी बंद करायला हवी.

थोडे आकडे, कारण भीती बहुतेक आकडे न कळल्यामुळे वाढते. सगळ्या कॅन्सरमध्ये ठळक आनुवंशिक दोषामुळे होणारे साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे बहुसंख्य कॅन्सर वारशाने येत नाहीत. आई किंवा बहीण यांपैकी एकीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका सर्वसाधारण बाईच्या अंदाजे दुप्पट धरतात, पण मूळ आकडा लहान असल्यामुळे अशा बहुतेक बायकांना तो आजार कधीच होत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: स्तनाचा कॅन्सर झालेल्या दर नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई-बहीण-मुलीत तो कुणालाच नसतो. ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायका मला जास्त काळजीच्या वाटतात. बीआरसीएचा दोष मात्र या हिशोबाच्या बाहेरचा आहे. तो असलेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते, आणि बीजांडकोशाचा धोकाही कित्येक पटींनी वाढतो, बीआरसीए-१ मध्ये जास्त. म्हणून तुम्ही या दोनांपैकी कुठल्या गटात आहात ते ठरवणं हे खरं काम आहे.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुमच्या घरात होऊ शकते. वीसेक वर्षांपूर्वी माझी एक पेशंट होती, ३९ वर्षांची. पित्तासाठी, मुलांच्या तापासाठी वर्षानुवर्षं यायची. तिच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: घरात कॅन्सर, नाही. मी विचारलं होतं, तिने नाही म्हटलं होतं. पुढे ती गाठ घेऊन आली तेव्हा बरोबर तिची आत्या होती. आत्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, आमच्या दोघी बहिणी अशाच गेल्या हो.’ मी पेशंटकडे बघितलं. ती म्हणाली, ‘पण त्या आत्या ना. त्या त्यांच्या घरच्या.’

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचं आडनाव बदलतं, आणि तिचा आजारही सासरच्या खात्यावर जमा होतो. ‘आमच्यात’ म्हणजे लोक वडील, काका, भाऊ मोजतात. त्यातून बायकांचे आजार आईकडूनच येतात हा समज. खरं म्हणजे बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितक्याच सहजतेने येतो. कित्येकदा वडिलांना स्वतःला काही होत नाही आणि तो लेकीपर्यंत पोचतो. कोणत्याही मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून आता मी ‘घरात कुणाला कॅन्सर आहे का?’ असं विचारतच नाही. मी विचारतो, ‘आजी कशाने गेल्या? आत्या किती, त्या कुठे दिल्या, आज कशा आहेत? मावश्या किती?’ एकेक माणूस घेत जातो.

या बाबतीत मराठी आपल्याला मोठी मदत करते. मावशी म्हटलं की आईची बाजू, आत्या म्हटलं की वडिलांची. मामेबहीण, मावसबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, एका शब्दात बाजू कळते. काकू, मामी, आत्याचे यजमान हे लग्नाने आलेले, म्हणजे रक्ताच्या हिशोबातून बाहेर. ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असतं तिथे दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात, तेवढं वेगळं टिपावं लागतं. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेशंटसमोरच नकाशा काढतो: पुरुष चौकोन, बाई गोल, कॅन्सर झालेलं माणूस काळं भरायचं, गेलेल्यावर तिरकी रेघ, खाली वय. दहा मिनिटं लागतात. तुमचा मी तुमच्या मजकुरावरूनच काढून बघितला. आजी-आजोबांच्या रेघेखाली दोन काळे गोल शेजारी शेजारी आहेत, एकाखाली ४७ आणि दुसऱ्याखाली प्रश्नचिन्ह. मामांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्यांनाही विचारा, आणि मामांच्या मुलींनाही.

घरच्यांच्या अशा माहितीची किंमत कमी समजू नका. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ॲल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली होती की आमच्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या आजाराने जातात, मीही तशीच जाणार. त्याने ते उडवून लावलं नाही. तिचं घराणं शोधून १९१३ साली ते प्रसिद्ध केलं. ती बाई खरोखर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६०च्या दशकात तोच धागा उचलला आणि त्यामागची जनुकं १९९०च्या दशकात सापडली. जनुक सापडायच्या शंभर वर्षं आधी ते त्या बाईला ठाऊक होतं.

आता चाचणीबद्दल. नवऱ्याची कळकळ मला समजते, पण चाचणी तुमच्यापासून सुरू करू नका. आधी आईची करायची. कारण सरळ आहे. आजार त्यांना झालाय. दोष असेल तर तो त्यांच्या रक्तात सापडेल. सापडला, तर तुमची आणि बहिणीची नेमक्या त्याच एका जागेची तपासणी करता येते, ती सोपी आणि स्वस्त पडते, आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. आईत काही सापडलं नाही, तर तुम्हाला मोठा खर्च करून तेच शोधायची बहुधा गरज उरत नाही. या उलट, आईला न तपासता तुम्ही एकट्यांनी केली आणि ‘निगेटिव्ह’ आली, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? दोष घरात आहे पण तुम्हाला मिळाला नाही, की घरात तो नाहीच, की दुसऱ्याच जनुकात आहे? कागद हातात येईल, पण समाधान मिळणार नाही. तिसरं उत्तरही येतं: ‘बदल दिसतो, पण त्याचा अर्थ निश्चित नाही.’ आपल्या लोकांची जनुकीय माहिती अजून कमी गोळा झालेली असल्यामुळे भारतीयांच्या रिपोर्टमध्ये असं उत्तर येण्याची शक्यता बरीच असते. त्या उत्तरावर कुणीही ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

म्हणून घरबसल्या लाळ पाठवून करायच्या चाचणीऐवजी जेनेटिक समुपदेशन मिळेल अशा ठिकाणी जा. टाटा मेमोरिअलच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे, आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतही आता समुपदेशक असतात. खर्च लॅबनुसार फार बदलतो, आधी विचारून घ्या. आईचा जुना बायोप्सीचा आणि रिसेप्टरचा (गाठ कुठल्या हार्मोनला वगैरे प्रतिसाद देते त्याचा) रिपोर्ट बरोबर न्या. त्यात ‘ट्रिपल निगेटिव्ह’, म्हणजे तपासलेले तिन्ही रिसेप्टर नाहीत, असं लिहिलं असेल तर ते आवर्जून दाखवा, त्याने चाचणीची गरज आणखी वाढते.

दोष सापडला तर पुढे काय, हे आत्ताच थोडं सांगतो, कारण ‘कळून उपयोग काय’ हा प्रश्न आई विचारणारच. उपयोग आहे. साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफी, आणि मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० वयाच्या दरम्यान, बीजांडकोश आणि बीजनलिका काढून टाकण्याचा विचार. या ऑपरेशनने बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका खूपच कमी होतो. आईसाठीही याचा अर्थ आहे: त्यांचा दुसरा स्तन आणि बीजांडकोश अजून आहेत.

फुल बॉडी पॅकेजवर माझं मत स्पष्ट आहे: करू नका. त्यातल्या सीए-१२५, सीईए असल्या ट्यूमर मार्करच्या चाचण्या धडधाकट माणसाला कॅन्सर शोधायला नसतात. सीए-१२५ पाळीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीचा मोठा अभ्यास झाला. २०२१ साली त्याचा अंतिम निष्कर्ष आला की या तपासणीने बीजांडकोशाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत. माझ्याकडे अशा वाढलेल्या आकड्याचा कागद घेऊन रात्रभर न झोपलेल्या बायका येतात आणि तीन सोनोग्राफी करून काहीच निघत नाही.

त्यापेक्षा हे करा. स्तनांची डॉक्टरकडून हाताने तपासणी आत्ता, आणि मग दरवर्षी. मुंबईत टाटा मेमोरिअलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, पण आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. मॅमोग्राफी कुठल्या वयापासून, याचा साधा नियम म्हणजे घरातल्या सर्वांत कमी वयाच्या रुग्णापेक्षा दहा वर्षं आधी, म्हणजे तुमच्यासाठी ३७. आईत दोष सापडला तर हे वेळापत्रक बदलेल. आणि गर्भाशयमुखाची तपासणी कौटुंबिक इतिहास असो-नसो, तिशीनंतर करायचीच. ‘गाठ लागली तर या’ हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवलात तर बहुतेक डॉक्टर मनापासून लक्ष घालतील. ओपीडीच्या गर्दीत तो आम्हालाच काढायला वेळ मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

राहिला बहिणीच्या लग्नाचा विषय. आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ‘त्यांच्यात कॅन्सर आहे’ एवढ्यावरून स्थळं परत गेलेली मी पाहिली आहेत. पण स्थळाला काय सांगायचं आणि बहिणीला काय सांगायचं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बहिणीला आजच सांगा. ते तिचं शरीर आहे आणि शक्यता तुमच्याइतकीच तिचीही आहे. सासरी कधी, कुणाला, किती सांगायचं हे मग तिने ठरवावं. तोवर हातात अंदाजाऐवजी आईचा रिपोर्ट असेल तर तिलाही बोलणं सोपं जाईल. आईशी बोलताना ‘तुझ्यामुळे आम्हाला’ असा सूर चुकूनही लागू देऊ नका. अकरा वर्षं त्या आजाराशी झुंजलेल्या बाईला आपण लेकींना हे दिलं असं वाटणं फार जड जातं. मी अशा वेळी आयांना सांगतो, की तुमच्या एका नळी रक्ताने दोन्ही लेकींचं कोडं सुटू शकतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्याच रक्ताने सुटणार नाही. बहुतेक जणी तिथेच बाही वर करतात.

तेव्हा पहिला फोन मावसभावाला करा आणि त्याच्या आईची फाइल शोधायला सांगा. बायोप्सीच्या कागदाचा फोटो मिळाला की नाव झाकून त्यातला अवयवाचा शब्द आणि वय इथे लिहा, मी पुढचं सांगतो.